दिवसाआड

प्रज्ञेशच्या जठराचा पाऊण भाग डॉक्टरांनी कापून काढला, तेव्हा चैतालीला वाटलं होतं की आता या माणसात नव्याने काही शिरायला जागाच उरलेली नाही. पण जागा होती. त्या जागेत सी विंगमधली रेणुका येऊन बसली.

यात काही लपवाछपवी असती तर एक वेळ परवडलं असतं. लपवलेलं शोधून काढण्यात चैतालीचा हात धरणारं कुणी नव्हतं. अडीच वर्षांच्या यशूने तोंडात मणी घातला तर तो तिला पाठमोरी असतानाही कळायचा. पण प्रज्ञेश काही लपवतच नव्हता. हॉलमधल्या सोफ्यावर, बायको आणि आईच्या देखत, फोन कानाला लावून तो सगळ्या बी विंगला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायचा.

“आज तुझी का? हां, मग माझी उद्या. नाही गं, काल एकदाच आलं वर, घशापर्यंत. तू उशा किती घेतेस? दोनच? मी तीन. छे, उजवीकडे नाही, डाव्या कुशीवर झोपून बघ.”

तिऱ्हाइताचे कान एवढ्याने लाल झाले असते. चैतालीचे होत नव्हते, कारण विषय आंबट ढेकरांचा आहे हे तिला चांगलं ठाऊक होतं. आणि नेमकं तेच तिला सोसवत नव्हतं. नवऱ्याच्या ढेकरांवर हक्क बायकोचा असतो, असं तिचं साधं म्हणणं होतं.

प्रज्ञेश आणि रेणुका, दोघांचं वजन कमी करण्याचं ऑपरेशन पुण्यातल्या एकाच डॉक्टरांकडे झालं होतं. तिथल्या बाकड्यावर शेजारी बसले असताना त्यांना कळलं की आपण तळेगावात एकाच सोसायटीत राहतो. मग वजन उतरत गेलं आणि ओळख चढत गेली. सुरुवातीला तो तिला ‘रेणुका मॅडम’ म्हणायचा. त्यातलं ‘मॅडम’ कुठल्या दिवशी गळून पडलं, ते त्याला आठवत नसेल. चैतालीला आठवत होतं. ती त्या वेळी भेंडी चिरत होती.

वजनासोबत पित्त मात्र गेलं नाही. छातीत जळजळ, घशाशी आंबट पाणी. त्यावर रोज सकाळी अनशापोटी एक गोळी. आता डॉक्टरांनी दोघांनाही ती कमी करायला सांगितलं होतं. चैताली त्या वेळी यशूला मांडीवर घेऊन समोरच बसली होती, त्यामुळे त्यांचा शब्द न् शब्द तिच्या डोक्यात कोरला गेला होता.

“एकदम तोडायची नाही,” डॉक्टर म्हणाले होते. “एकदम तोडली की पोट चिडतं आणि दुपटीने आम्ल सोडतं. एक दिवसाआड घ्या. एवढ्या गोळ्या संपेपर्यंत दिवसाआड, मग मला येऊन दाखवा. तरीही जळजळ राहिलीच, तर दुर्बीण घालून बघू. वेळ पडली तर पुन्हा टेबलावर घ्यावं लागेल.”

‘टेबलावर’ हा शब्द चैतालीच्या काळजात रुतून बसला. पहिल्या वेळी तो टेबलावर असताना ती बाहेर तान्ह्या यशूला पाजत बसली होती. आत पोट कापलं जात होतं आणि बाहेर पोट भरलं जात होतं. नंतरचे दोन महिने तर बापलेकीचं एकच पातेलं होतं. वरणाचं पाणी, नाचणीची पेज, गाळलेलं सूप. एक चमचा यशूला, एक चमचा प्रज्ञेशला. पाणी औषधाच्या टोपणाने मोजून. यशू निदान थुंकून निषेध तरी करायची. प्रज्ञेश नुसताच केविलवाणा बघायचा.

असा घोटघोट करून जगवलेला नवरा आता बारीक, देखणा होऊन सोफ्यावर बसला होता. त्याचे जुने शर्ट चैतालीला बरोब्बर बसत होते. बाळंतपणानंतर तेच तेवढे बसत होते. आणि हा माणूस उशा किती घ्यायच्या ते सी विंगला विचारत होता.

तिनेही त्या मंडळात शिरायचा प्रयत्न केला नव्हता असं नाही. एका दुपारी छातीवर हात ठेवून ती म्हणाली, “मलाही आज जरा जळजळतंय.”

“तुला?” प्रज्ञेश मनापासून हसला. “तू दगड खाल्लास तरी पचवशील.”

“हिला कशाची आलीया जळजळ,” भामाबाई, म्हणजे तिच्या सासूबाई, तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. ऑपरेशनच्या वेळी त्या परंदवडीहून आल्या होत्या, त्या इथल्याच झाल्या होत्या. “हिचं प्वाट लय झ्याक हाय. काल वाटीभर ठेचा खाल्ला, ढेकर न्हाई का काई न्हाई.”

निरोगी असल्याची एवढी लाज चैतालीला कधी वाटली नव्हती.

शेवटी तिने रेणुकाच्या नवऱ्याला, विक्कीला, पार्किंगमध्ये गाठलं. “तुम्हाला काही वाटत नाही का हो? सारखं आपलं ढेकर, ढेकर.”

“वाटतं ना वहिनी,” विक्की गाडी पुसता पुसता म्हणाला. “बरं वाटतं. आधी हे सगळं मला ऐकावं लागायचं.”

तिकडूनही आशा नव्हती.

गोळी दिवसाआड सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात प्रज्ञेशचा गोंधळ उडाला. आंबीच्या कंपनीत त्याची पहिली पाळी. पहाटे अर्धवट झोपेत आवरून बस पकडायची. काल घेतली होती की परवा, काही आठवायचं नाही. चैताली सांगायला तयार होती. ती फक्त त्याने विचारायची वाट बघत होती. पण उपाय काढला तो रेणुकाने.

“अरे, आपल्याकडे पाणी दिवसाआड येतं ना?” ती फोनवर म्हणाली. फोन स्पीकरवर होता. “मग झालं तर. पाण्याच्या दिवशी गोळी. बिनपाण्याच्या दिवशी सुट्टी.”

सोसायटीची टाकी एक आणि विंग चार. म्हणून एक दिवस ए-बीला तासभर पाणी, दुसऱ्या दिवशी सी-डीला. वॉचमन अंबाजी पहाटे चावी फिरवायचा. प्रज्ञेशला ही युक्ती इतकी आवडली की त्याने टाळीच वाजवली. पहाटे उठून पाणी भरायचं काम भामाबाईंचं होतं, म्हणून गोळ्यांचं पाकीटही त्यांच्याकडे गेलं. त्यांनी ते तांदळाच्या डब्यामागे ठेवलं. “आई, पाणी आलं की गोळी दे,” एवढंच त्यांना सांगितलं होतं. तिकडे पाणी भरायचं काम विक्कीचं, त्यामुळे त्यालाही तेच सांगण्यात आलं.

आणि मग ते सुरू झालं. बी विंगला पाणी असेल त्या दिवशी प्रज्ञेशची गोळी, सी विंगला असेल त्या दिवशी रेणुकाची. “आज तुझी?” “हो, आज माझी, उद्या तुझी.” ज्याची सुट्टी असेल त्याची छाती कशी आहे, याची दोघं मिळून चौकशी करायचे. जणू एकच गोळी दोघांत वाटून घेतली होती. चैतालीने घोटघोट पाजलेल्या पाण्याचं नाव कुणी काढत नव्हतं. नळाच्या पाण्याचं श्रेय मात्र रोज सी विंगला पोचत होतं.

विचार करता करता चैतालीच्या ध्यानात आलं की या सगळ्याचं मूळ रेणुकात नाही, अंबाजीच्या चावीत आहे. पाणी दिवसाआड आहे म्हणून ‘तुझी-माझी’ आहे. पाणी रोज झालं, तर नळाची आठवण सुटेल. नळाची आठवण सुटली की माणसाला बायकोची आठवण येईल. गणित बिनचूक होतं. ती बीएस्सी होती.

सोसायटीच्या सभेत विषय जिन्यातल्या दिव्यांचा होता. अध्यक्ष दत्तोबा, ज्यांना सगळे आबा म्हणत, चष्मा पुसत होते, तेवढ्यात चैताली उभी राहिली. कडेवर यशू होती. त्याने भाषणाला आपोआपच वजन आलं.

“आबा, एक दिवस तासभर पाणी देण्यापेक्षा रोज अर्धा तास द्या. पाणी तेवढंच लागेल. पण दुसऱ्या दिवशी लहान मुलांना शिळं पाणी प्यावं लागणार नाही.”

पाणी शिळं असतं हे आजवर कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. एकदा डोक्यात आल्यावर मात्र दुसरं काही सुचेना. डी विंगच्या आजींना कालच्या पाण्याचा वासही आला.

“अंबाजी, जमंल का रे?” आबांनी विचारलं.

“मला काय आबा, चावी फिरवायची,” अंबाजी म्हणाला. “आज हिकडं फिरवतो, उद्या तिकडं. आता दोनीकडं फिरवीन. हात माझाच दुखंल.”

अंबाजीच्या हाताकडे कुणी लक्ष दिलं नाही. ठराव एकमताने मंजूर झाला. बायकांनी चैतालीला घेरलं. सगळ्यांत पुढे रेणुका होती. “काय बोललीस गं,” म्हणत तिने मिठीच मारली. प्रज्ञेश लांबून अभिमानाने बघत होता. चैतालीला क्षणभर अपराधी वाटलं. पण रेणुकाची कंबर आपल्या हाताच्या वेढ्यात सहज मावते हे तिच्या लक्षात आलं, आणि तो क्षण टळला.

रोज पाणी सुरू झालं. ‘आज तुझी’ हा प्रश्नच संपला, कारण नळ दोघांकडे सारखाच वाहत होता. फोन कमी झाले. रेणुका शाळेत चित्रकला शिकवायची, तिच्या मागे स्नेहसंमेलनाचे पडदे रंगवायचं काम लागलं. प्रज्ञेश सोफ्यावर गप्प बसू लागला. चैताली मनातल्या मनात पेढे वाटत होती. आता कुठल्याही सकाळी तो विचारेल, ‘चैतू, आज गोळी आहे का गं?’ उत्तर तिच्या ओठांवर होतं. विषम तारखेला आहे, सम तारखेला नाही.

त्याने विचारलं नाही. एक दिवस गेला, चार गेले. तीही मानी होती. विचारू दे त्याला, आपण होऊन मी सांगणार नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं. पहाटे पाणी यायचं तेव्हा ती आतल्या खोलीत असायची, यशूच्या मुठीत तिची बाही नाहीतर केस असायचे, आणि हालचाल केली की यशू उठायची. म्हणून सगळं बघणाऱ्या चैतालीला तेवढं एक दिसलं नाही. स्वयंपाकघरात भामाबाई रोज, न चुकता, तोटीला धार लागली रे लागली की लेकाच्या हातावर गोळी ठेवत होत्या.

“आरं ऊठ की. पानी आलं. ही घे.”

प्रज्ञेश डोळे मिटून गिळत होता. सी विंगमध्ये विक्कीही बादली लावून तेच करत होता. दोन्ही घरांनी आपली आठवण माणसांवर सोपवली होती, माणसांनी ती नळावर सोपवली होती, आणि नळ चैतालीने बदलला होता.

मग एका संध्याकाळी स्पीकरवर रेणुकाचा आवाज आला. “माझ्या गोळ्या संपल्या आज.”

“काय सांगतेस? माझ्यापण आजच.”

“बघ, आपलं सगळं बरोबरच असतं.”

चैतालीची पोळी तव्यावर करपली. तरी तिने विचारलं, “इतक्यात कशा संपल्या?”

“रेणुकाच्याही संपल्या,” प्रज्ञेश म्हणाला.

पुढचा प्रश्न तिच्या जिभेवर आला होता. डॉक्टरांनी दिलेली तारीख अजून लांब आहे, हेही तिला आठवत होतं. पण त्या नावानंतर काही विचारायचं म्हणजे त्या नावाला मान द्यायचा. तिने पोळी उलटली. प्रज्ञेशने हात वर करून आळस दिला. “सुटलो एकदाचा.”

चार-पाच दिवसांनी दोघांच्याही छातीत बारीक चुरचुर सुरू झाली. प्रज्ञेशला वाटलं कँटीनचं तेल, रेणुकाला वाटलं पडद्याचा रंग. गोळी सुटल्याच्या आनंदात त्या चुरचुरीला कुणी भाव दिला नाही. उलट विक्कीने रविवारचा बेत काढला. “सकाळीच लोणावळ्याला जाऊ. गर्दी व्हायच्या आत परत.” भामाबाई आणि यशूसकट दोन्ही घरं त्याच्या गाडीत बसली.

पॉइंटवर धुकं इतकं होतं की दरीच्या जागी पांढरी भिंत उभी होती. बघायला काही नसलं की माणसं खातात. सरूबाईंच्या टपरीवर कांदाभजी तळली जात होती. प्रज्ञेश आणि रेणुका दोघांनी एकेकच भजं घ्यायचं ठरवलं. मग गोळी सुटल्याबद्दल आणखी एक. मग मिरचीचं, कारण ते एकटंच ताटलीत उरलं होतं. त्यावर चहा. चैताली ‘पुरे’ म्हणणार होती. पण रेणुकाच आधी म्हणाली, “प्रज्ञेश, आता पुरे हं.” तेव्हा चैतालीच्या तोंडून निघून गेलं, “खाऊ दे की त्याला.”

दहा मिनिटांत प्रज्ञेशचा चेहरा धुक्याच्या रंगाचा झाला. त्याने छातीवर हात दाबला आणि तो बाकावर बसला. त्याला काय झालं ते बघायला रेणुका वाकली, आणि तीही छाती धरून त्याच्याच शेजारी बसली.

“अगं बया,” सरूबाई झारा सोडून धावल्या. “दादा, टेका तुमी. वैनी, तुमी बी टेका त्यांच्या अंगाला. आसं कसं दोगांला बी एकदमच?” त्या चैतालीकडे वळल्या. “ताई, तुमी लेकराला घिऊन जरा कडंला व्हा. नवरा-बायकोला वारं लागू द्या.”

“मी आहे बायको,” चैताली म्हणाली.

सरूबाईंनी तिच्या अंगातल्या पुरुषी शर्टाकडे पाहिलं, मग बाकावरच्या दोन बारीक जिवांकडे पाहिलं. “व्हय का,” त्या म्हणाल्या. पटलेलं मुळीच दिसत नव्हतं.

पण चैतालीला त्यावर भांडायला वेळ नव्हता. प्रज्ञेशचं कपाळ गार लागत होतं. तिच्या डोक्यात एकच शब्द वाजत होता, टेबल. “विक्कीभाऊ, गाडी काढा,” ती म्हणाली. यशूला सासूकडे देऊन तिने नवऱ्याच्या काखेत हात घातला आणि त्याला जवळजवळ उचलूनच गाडीत ठेवलं. बारीक नवऱ्याचा तेवढा एक फायदा.

बाजारपेठेजवळच्या एका दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दोघांना शेजारशेजारच्या खाटांवर झोपवलं. ईसीजीच्या पट्ट्या काढल्या. हृदयं ठीक होती. “यांच्या मिसेस…” म्हणत त्यांनी रेणुकाकडे बोट केलं.

“मी,” चैताली म्हणाली. एका दिवसात दुसऱ्यांदा.

“बरं. हार्टचं काही नाही. आम्ल उसळलंय, दोघांचंही. ऑपरेशन झालंय म्हणता, मग पित्ताची गोळी चालू असेल. एकदम बंद केली का?”

“नाही मॅडम,” खाटेवरून प्रज्ञेश म्हणाला. “दिवसाआड घेत होतो. संपेपर्यंत.”

“मीपण,” दुसऱ्या खाटेवरून रेणुका.

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या मोबाईलवर मूळ चिठ्ठीचा फोटो बघितला. “दिवसाआड घेतल्या असत्या तर अजून पंधरा दिवस पुरल्या असत्या. कोण देत होतं गोळी?”

“म्या,” भामाबाई पुढे झाल्या. “मला सांगितलं हुतं, पानी आलं की गोळी. रोज पानी आलं, रोज दिली. एक दीस चुकले न्हाई.”

डॉक्टरीणबाईंना काही कळेना. विक्कीला मात्र कळलं. “अरे हो,” तो म्हणाला. “आमच्याकडेही तेच. पाणी आता रोज येतं ना, आमच्या वहिनींमुळे. त्यांनी सभेत ठरावच मांडला.” आणि त्याने सगळ्यांना दिसावी म्हणून कौतुकाने चैतालीकडे मान वळवली.

सगळ्यांच्या माना वळल्या. दोन खाटांवरच्याही. यशूने टाळ्या वाजवल्या, कारण सभेतही या वाक्यानंतर टाळ्या पडल्या होत्या.

“म्हणजे रोज घेत होतात, आणि एक दिवस एकदम बंद,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तुमच्या सर्जनशी मी आता बोलते.” फोन करून त्या परत आल्या. “घाबरायचं कारण नाही. काही आठवडे रोज एक, मग पुन्हा दिवसाआड. आणि दोघांचं आजच सुरू होतंय, तेव्हा बरंच आहे. एकमेकांना आठवण करता येईल.”

चैतालीने डोळे मिटून घेतले. तिच्या कर्तबगारीने ‘आज तुझी, उद्या माझी’ संपलं होतं. आता ‘आज आपली’ सुरू होणार होतं.

परतीच्या वाटेवर महामार्ग तुंबला होता. पुढे विक्की आणि रेणुका, मागे भामाबाई, चैताली, प्रज्ञेश आणि त्याच्या मांडीवर झोपलेली यशू. भामाबाईंनी डोळा लावला होता.

“तू मला का नाही विचारलंस?” चैताली हळूच म्हणाली. “गोळी कधी घ्यायची, ते.”

“तुला कशाला अजून एक काम लावायचं,” प्रज्ञेश म्हणाला. “एवढं पाजलंस, भरवलंस. वाटलं, आता माझं ओझं दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर द्यावं.” यशूला मांडीवर सावरत तो म्हणाला, “आणि तू का नाही सांगितलंस? तुला तर माहीत असणार.”

चैतालीने खिडकीबाहेर बघितलं. बाहेर ट्रकशिवाय काही नव्हतं, तरी बराच वेळ बघितलं. “तू विचारशील म्हणून थांबले होते,” ती म्हणाली.

“शिळं पाणी,” प्रज्ञेश म्हणाला, आणि त्याला हसू आवरेना. हसल्याने त्याची छाती पुन्हा जळायला लागली. मग तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, कामशेत येईपर्यंत.

पाकीट आता चैतालीच्या ताब्यात आलं. रोज पाणी तसंच राहिलं. ते बंद करायचं म्हटलं असतं तर सोसायटीने दंगा केला असता. उलट तिला समितीवर घेतलं. गोळीचे दिवसाआडचे दिवस परत आले, तेव्हा तिने नळाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. घरात एक गोष्ट नळापेक्षा पक्की होती. भामाबाईंना रोज चपाती चालत नव्हती आणि यशूला रोज भाकरी. म्हणून तह झाला होता, एक दिवस भाकरी, एक दिवस चपाती. या तहाला कुठल्याही सभेचा ठराव हात लावू शकत नव्हता.

“भाकरीच्या दिवशी गोळी,” चैतालीने जाहीर केलं. “आणि आई, पाहुणे येवोत नाहीतर पूर येवो, पाळी मोडायची नाही.”

“म्या कवा मोडलीया,” भामाबाई म्हणाल्या.

एका सकाळी चैतालीच्या फोनवर रेणुकाचा मेसेज आला. प्रज्ञेशच्या नाही, तिच्या. ‘अगं, विक्कीला काही आठवत नाही. आज भाकरी की चपाती?’

चैतालीने मेसेज दोनदा वाचला. सी विंगचं पोट आता तिच्या परातीवर चालत होतं. स्वयंपाकघरात भामाबाई कणीक मळत होत्या. ‘भाकरी’ एवढं लिहायला तिला काहीच कष्ट पडले नसते. अंगठा ‘भ’वर जाऊन थांबला. मग तिने लिहिलं, ‘चपाती. आज सुट्टी तुझी.’

‘वाचवलंस,’ रेणुकाने लिहिलं. त्यापाठोपाठ, यशूला कुठल्या शाळेत घालणार, आमच्या शाळेत ये, मी बोलते. मग चैताली काहीतरी म्हणाली, मग रेणुका काहीतरी म्हणाली. विक्कीने बादली समजून कचऱ्याचा डबा नळाखाली लावला होता, ते कळलं. चैताली फोनकडे बघून खुदकन हसली.

सोफ्यावर प्रज्ञेश बसला होता. रविवार होता. “कुणाचा मेसेज?”

“रेणुकाचा.”

“काय म्हणते?”

“काही नाही. आमचं आपलं.”

तो थोडा वेळ आपल्या फोनकडे बघत राहिला. फोन गप्प होता. “मला नाही पाठवत हल्ली काही,” तो म्हणाला. चैताली टाइप करण्यात गुंग होती. पुन्हा हसली. त्याने घसा खाकरला. तरीही तिने वर पाहिलं नाही, तेव्हा त्याने छातीवर तळहात ठेवला.

“काय झालं?” चैतालीने विचारलं.

“काही नाही. जरा जळजळतंय.”

तिने स्वयंपाकघराकडे मान वळवली. तव्यावर चपाती फुगल्याचा वास येत होता.

“आज चपाती आहे,” ती म्हणाली, आणि फोनकडे वळली. “आज काही मिळायचं नाही.”